चेहऱ्यावरची काजळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारी-महालच्या गल्ल्यांत बडग्यांच्या पुतळ्यांमागे कॅमेऱ्यांचीही गर्दी असते. संध्याकाळपर्यंत फोटो फोनवर फिरू लागतात. त्यांतल्या बऱ्याच चेहऱ्यांचा साचा एकच: रंग उतरलेला, सुरकुती न सुरकुती कोरलेली, कडा काळवंडलेल्या आणि डोळे तेवढे लखलखीत.

ही शैली जगभर पसरली ती पोलंडच्या आन्जेय द्रागानच्या नावाने. पेशाने तो भौतिकशास्त्रज्ञ, पण फोटोशॉपमध्ये घडवलेल्या त्याच्या व्यक्तिचित्रांची नक्कल असंख्यांनी केली. पुढे इंग्लंडच्या ली जेफ्रीजचे बेघर माणसांचे कृष्णधवल चेहरे गाजले. दोघांचेही काम हाताचे. करड्या रंगाचा एक थर घ्यायचा, ब्रशची तीव्रता अगदी कमी ठेवायची आणि गालाचे हाड हलके उजळत, डोळ्याखालची खोबण हलकी गडद करत पुढे जायचे, असे हे तंत्र. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हात धरून ठिकठिकाणी प्रकाश कमी-जास्त करण्याचे जे ‘डॉजिंग-बर्निंग’ चाले, त्याचाच हा पुढचा अवतार. एका चेहऱ्यावर तासन् तास जातात. प्रकाश मुळात कुठून आला हे ओळखावे लागते.

आपल्याकडे मात्र आली ती सॉफ्टवेअरमधली सरकती पट्टी. फोटो-संपादनाच्या लाइटरूममध्ये २००७ साली बारकावे ठसठशीत करणारी ‘क्लॅरिटी’ आली, २०११ मध्ये स्नॅपसीड या ॲपने ‘ड्रामा’ आणि ‘ग्रंज’ थेट बोटाखाली दिले. पट्टी शंभरावर नेली की फेट्याच्या कडेला पांढरी झालर उमटते आणि सावळी त्वचा शिशासारखी राखाडी होते. आपल्याकडच्या सावळ्या रंगात तांबूस-पिवळसर छटा किती असतात! रंग काढून टाकला की आधी त्याच मरतात. मारबतीचे दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे आभाळ भरलेले असले की उजेड सपाट पडतो. तरीही फोटोत नाकाची सावली गालभर पसरलेली असते. जे ऊन त्या दिवशी पडलेच नाही, त्याची ही सावली.

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात, त्यांत कितीतरी पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे असतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच मैदानावर बाबासाहेबांसोबत लोकांनी शुभ्र कपड्यांत दीक्षा घेतली, त्या दिवसाची ही आठवण. एखादी आजी धुऊन, घडी घालून ठेवलेले लुगडे नेसून येते. क्लॅरिटी वाढवली की कापडाची प्रत्येक चुणी काळी पडते आणि ते लुगडे मळके दिसू लागते. जिने स्वच्छतेने स्वतःचा मान राखला, तिच्या अंगावर छायाचित्रकाराने काजळी फासलेली असते. अशा चित्राला ‘वेदना’ असे शीर्षक मिळालेले पाहिले की राग येतो.

लग्नाच्या अल्बममध्ये हेच सॉफ्टवेअर नवरीच्या गालावरचे रंध्रही शिल्लक ठेवत नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याची त्वचा गुळगुळीत होते आणि रिक्षावाल्याची, हमालाची खडबडीत. हे सौंदर्यशास्त्र नव्हे, ही उतरंड आहे.

खरखरीतपणाला माझा विरोध नाही. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रे काढली, त्यांत घाण आहे, अंधार आहे. पण ती घाण गटाराची, फोटोशॉपची नव्हे. ओलवे त्या माणसांमध्ये वावरले, म्हणून चेहऱ्यावर थकवा दिसतो तसा रुबाबही दिसतो. दुसरीकडे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी मऊ प्रकाशात चेहरे खुलवले. दोन टोके असली तरी दोघांनाही समोरचा माणूस नेमका कोण, हे ठाऊक होते. आज नागपुरात कॅमेरे भरपूर आहेत, तंत्रही येते. कमी पडते ती ही ओळख.

वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीतली सुमारे वीस टक्के छायाचित्रे अति संस्करणामुळे बाद झाली. ती स्पर्धा वृत्तचित्रांची, तिचे नियम व्यक्तिचित्राला जसेच्या तसे लावू नयेत. पण आपल्या शहरातल्या प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक विनंती आहे: प्रत्येक व्यक्तिचित्रासोबत मूळ रॉ फाइल मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आणि फोटो काढणाऱ्यांनो, तयार झालेले चित्र आधी त्या माणसाला दाखवा. त्याला ते आपले वाटले, तरच भिंतीवर लावा.