होसकोट निकाल आणि निर्धन अपीलकर्त्याचा हक्क : एक चिकित्सा

फौजदारी अपिलातील निर्धन आरोपीच्या हक्कांचा विचार ‘एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १७ ऑगस्ट १९७८ च्या निकालापासून सुरू करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मोफत विधी साहाय्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग ठरला, एवढे सांगून पाठ्यपुस्तके बहुधा पुढे सरकतात. हा गौरव अस्थानी नाही. मात्र निकालातील हकिगत आणि तिच्यातून निघालेले नियम शेजारी ठेवून वाचले असता काही प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हकिगत अशी. होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते, पीएच.डी. होते. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या हेतूने त्यांनी मुंबईतील एका ब्लॉक तयार करणाऱ्याकडे विद्यापीठाचा शिक्का बनवण्यास दिला, असा त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला. (आपल्या व्यवसायबंधूचे हे कृत्य अध्यापकवर्गाने जरा खाली मान घालूनच वाचावे.) सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची साधी कैद व दंड एवढीच शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये ती तीन वर्षांपर्यंत वाढवली. या निकालाची मोफत प्रत उच्च न्यायालयाने पुण्यातील येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे तत्परतेने धाडली होती. ती आपल्याला मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे. प्रत दिली होती, पण दयेच्या अर्जासोबत जोडण्यासाठी ती परत घेतली, असे तुरुंगाचे म्हणणे. पोचपावती मात्र कोठेही नव्हती. सर्वोच्च न्यायालयात अर्ज आला तो चार वर्षे उलटल्यावर. तोवर शिक्षा भोगून संपली होती.

न्या. कृष्ण अय्यर, न्या. देसाई व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने होसकोट यांचा अर्ज फेटाळला; परंतु त्यानिमित्ताने नियम घालून दिले. कारावासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत तत्काळ व विनामूल्य द्यावी. तुरुंगामार्फत द्यावयाची असल्यास ती त्वरेने पोहोचवून कैद्याची लेखी पोच घ्यावी. अपिलासाठी कैद्याला सर्व सोयी मिळाव्यात. दारिद्र्यामुळे वा बाहेरच्या जगाशी संपर्क नसल्यामुळे वकील नेमता येत नसेल, तर न्यायालयाने सक्षम वकील द्यावा व त्याची फी शासनाने भरावी.

या चौकटीतील पोचपावतीचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. संविधानाच्या उदात्त भाषेपेक्षा एका कागदावरील सही कैद्याच्या अधिक उपयोगी पडते, हे येरवड्याच्या प्रसंगातून न्यायालयाला नेमके उमगले होते. ज्या वाक्यात वकिलाचा हक्क येतो, त्याच वाक्यात मात्र निकाल पाय मागे घेतो. प्रकरणाची परिस्थिती, शिक्षेचे गांभीर्य आणि न्यायाची गरज पाहून वकील द्यावा, अशी अट तेथे आहे. म्हणजे प्रत हा हक्क. वकील हा मात्र न्यायालयाच्या विवेकाचा विषय. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०४ तर सत्र न्यायालयातील खटल्यापुरतेच बोलत होते. अपिलाबाबतची ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ ने. त्याच्या कलम १२ प्रमाणे अटकेत असलेली व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवेस पात्र ठरते.

पात्रता आणि प्रत्यक्ष बाजू मांडली जाणे यांत अंतर आहे. मुळशी तालुक्यातील एखाद्या मजुराला पुण्याच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, तर त्याचे अपील मुंबईस जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, परंतु पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही. असा कैदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो. ते ऐकल्याशिवाय फेटाळू नये, असे जुन्या संहितेचे कलम ३८४ सांगत असे. अपवाद दोन : अपील क्षुल्लक असल्यास, किंवा कैद्याला हजर करण्याची गैरसोय प्रकरणाच्या मानाने अवाजवी असल्यास. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२५ मध्येही ही गैरसोय कायम आहे. ती कोणाची, हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही.

‘सक्षम’ या शब्दाचा अर्थ होसकोट निकालाने उलगडला नाही. त्याची किंमत ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात दिसते. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. पुनर्विलोकनानंतर अपील नव्याने ऐकले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या, त्या दिशेने तपासच झाला नाही, हे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. अपिलाच्या सर्व पायऱ्या येथे विधिवत पार पडल्या होत्या, हे विसरता येत नाही. छायाचित्रांची ती बाब २००९ मध्येही उपलब्ध होती. तिचे महत्त्व ओळखले गेले ते दहा वर्षांनी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रवास टप्प्याटप्प्याने केला : १९५६ च्या ग्रिफिन प्रकरणात निर्धनास खटल्याच्या कामकाजाची मोफत प्रत, १९६३ च्या डग्लस प्रकरणात पहिल्या अपिलात वकील, आणि १९८५ च्या एव्हिट्स प्रकरणात तो वकील परिणामकारक असावा ही अपेक्षा. आपल्याकडे पहिले दोन टप्पे होसकोटने एका दिवसात गाठले. तिसऱ्याकडे वळण्यास २०१९ चा अनोखीलाल निकाल उजाडावा लागला. फाशी वा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षे व्यवसाय केलेला वकील द्यावा आणि तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस मिळावेत, असे त्यात सांगितले गेले. वर्षे मोजली म्हणजे सक्षमता मोजली, असे अर्थातच नाही.

निकालाची प्रत मिळाल्याची पोच जशी तुरुंगाने ठेवावयाची, तशीच नेमलेला वकील कैद्याला कधी भेटला, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलला काय आणि खटल्याचे कागद त्याने कोणत्या तारखेस ताब्यात घेतले, याची कैद्याच्या सहीची नोंद अपिलाच्या फाइलमध्ये असावी. अपील सुनावणीस घेण्यापूर्वी न्यायालयाने ती नोंद पाहावी. होसकोट निकालातील पहिल्या व दुसऱ्या नियमांचा हा चौथ्या नियमापर्यंतचा विस्तार आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.