तीन गिटारवाले आणि गिटार नसलेला अल्बम

'किड ए' मी पहिल्यांदा ऐकला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत. रेडिओहेडच्या 'ओके कंप्युटर'ची तोवर पारायणं झाली होती. पुढच्या अल्बममध्ये तेच, पण आणखी मोठं काही मिळेल असं वाटत होतं. मिळालं काय, तर सिंथेसायझरवरचं गोल गोल फिरणारं एक वळण आणि त्यात तुकडे करून पेरलेला थॉम यॉर्कचा आवाज. तीन गाणी झाली तरी गिटार म्हणावी अशी गिटार नाही. मी हेडफोन काढून ठेवला.

1997 च्या 'ओके कंप्युटर'नंतर बँड जगभर फिरला आणि यॉर्क पार खचला. 'मीटिंग पीपल इज ईझी' या 1998 च्या माहितीपटात ती दमणूक दिसते. त्याला गाणी सुचेनात, चालींचाच कंटाळा आला. तो एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत बसला. 1999 च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं, मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशर, शेवटी ऑक्सफर्ड. अल्बम आला ऑक्टोबर 2000 मध्ये. एकही सिंगल न काढता तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

या सगळ्याचं सार 'रॉक सोडून इलेक्ट्रॉनिक झाले' असं सांगतात. मला ते अपुरं वाटतं. वाद्यं बदलणं त्यामानाने सोपं असतं. इथे बदलली ती कामाची वाटणी. आधी साधारणपणे यॉर्क गाणं आणायचा आणि पाचजण ते बसवायचे. आता निर्माता नायजेल गॉडरिचने मध्येच बँडचे दोन गट केले. एका गटाने एका खोलीत ध्वनी तयार करायचे, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत त्यावर काम करायचं. गिटार आणि ड्रमना बंदी. त्यातून एकही पुरं गाणं निघालं नाही. पण आपलं वाद्य काढून घेतलं तरी आपण निरुपयोगी ठरत नाही, हे मात्र कळलं असावं.

'इडियोटेक' हे त्या पद्धतीचं सगळ्यात चांगलं फळ. जॉनी ग्रीनवुडने सुमारे 50 मिनिटांचं ध्वनिमुद्रण यॉर्कच्या हातात ठेवलं आणि यॉर्कने त्यातला मिनिटभरापेक्षाही छोटा तुकडा उचलला. त्या तुकड्यातले कॉर्ड आहेत पॉल लान्स्कीच्या 1973 च्या रचनेतले. प्रिन्स्टनमध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमवर तयार केलेलं ते संगणक-संगीत. माझ्यासारख्याला या माहितीने गुदगुल्या होतात, पण गाणं काही माहितीने उभं राहत नाही. ते उभं राहतं कारण खालचा ताल यंत्राचा आहे, तो दमत नाही. वर गाणारा माणूस मात्र दमतो, त्याला धाप लागते. गाण्यातली भीती शब्दांत नंतर येते, या विजोड जोडीत आधी.

याउलट 'ट्रीफिंगर्स'. ऐकायला हा अल्बममधला सगळ्यात पातळ तुकडा, एखादा पडदा हलतोय तसा. ते सगळं एड ओ'ब्रायनच्या गिटारमधून काढलंय हे मला कितीतरी नंतर कळलं. हाच ओ'ब्रायन सुरुवातीला म्हणत होता की आता छोटी, चटपटीत गिटारची गाणी करू. त्याची गिटार घेतली, पण ती गिटार आहे हे कुणाला ओळखू येणार नाही अशी करून ठेवली.

गेल्या वर्षी ऑफिसात माझं तीन वर्षांचं काम नव्या रचनेत विरघळून गेलं. कोड फेकला नव्हता. त्यातले तर्क नव्या सिस्टिममध्ये आहेत, पण बोट ठेवून 'हे माझं' म्हणावं असं काही उरलं नाही. मीटिंगमध्ये मी बराच वेळ जुन्याची बाजू लढवली. तेव्हापासून 'ट्रीफिंगर्स' मी पुढे ढकलत नाही. तुकडा अजूनही पातळच वाटतो, पण त्यात कुणीतरी स्वतःला मागे घेतलंय हे ऐकू येतं.

त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या 'ऑप्टिमिस्टिक'मध्ये गिटार धाडकन परत येते, आणि गंमत म्हणजे तिथेच अल्बम थोडा घसरतो. गाणं वाईट नाही, पण ते जुन्या घरी जाऊन आल्यासारखं आहे. निक हॉर्नबी 'न्यू यॉर्कर'मध्ये या अल्बमवर वैतागला होता. श्रोत्याकडून फार मेहनत मागितली जाते, ही त्याची तक्रार मला पटते. पण मेहनत बँडनेही केलीय.

अल्बममधलं शेवटचं गाणं, 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक', सगळ्यात जुनं. 1992 च्या 'क्रीप'च्याही आधी लिहिलेलं. 'ओके कंप्युटर'च्या वेळी पियानोवर करून पाहिलं होतं, पण ते त्या अल्बममध्ये आलं नाही. इथे यॉर्क ते पायपेटीवर गातो. संगीत नाटकं ऐकत वाढलेल्या माझ्या आजीला दाखवलं असतं तर तिने भात्याचा श्वास लगेच ओळखला असता. नवं करायला निघालेल्या बँडला आठ-दहा वर्षं अडलेलं हे गाणं शेवटी सापडलं, तेही इतक्या जुन्या वाद्यावर. होस्टेलमध्ये हेडफोन काढला नसता, तर मला ते तेव्हाच भेटलं असतं.