स्पीकर ऐकताना आपण नेमकं काय ऐकतो?

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, "सर, चार-पाच लाखांचे स्पीकर घ्यायचेत, कुठले घेऊ?" मी म्हटलं, ऐकून घ्या. ते म्हणाले, "ऐकलेत की! तीन दुकानं झाली." आज त्या 'ऐकलेत की'बद्दलच बोलायचं आहे. दुकानात आपण जे करतो त्याला ऐकणं म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

आधी माझी फजिती सांगतो. निवृत्तीच्या पैशातून मी एक जोडी घेतली, चांगली कमरेच्या वर येणारी. दुकानातली खोली प्रशस्त, गालिचा, जाड पडदे. विक्रेत्याने त्याच्या पसंतीचं काहीतरी लावलं. एक गिटार, एका बाईंचा आवाज, मध्ये भरपूर शांतता. असल्या ध्वनिमुद्रणावर साधा स्पीकरही देखणा वाटतो, हे तेव्हा सुचलं नाही. घरी आणून किशोरीताईंचा भूप लावला, तर स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "तबल्याला काय झालंय? बायाँ पिंपात ठेवून वाजवतायत का?" (हशा) हसा, पण तिला त्या वेळी किंमत ठाऊक नव्हती आणि तिथून स्पीकर दिसतही नव्हते. म्हणूनच बरोबर ऐकू आलं तिला.

आता हे झालं कसं? आमचा हॉल 14 फूट लांब. खोलीच्या लांबीच्या दुप्पट तरंगलांबी जिची, त्या कंप्रतेला खोली स्वतःच घुमते. आमच्याकडे ती येते 40 हर्ट्झच्या आसपास, आणि तिची दुप्पट 80. बायाँचा घुमारा त्याच भागातला. साधारण 200-300 हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरइतकीच खोली ऐकत असता. त्यात आपल्या भिंती विटांच्या, खाली फरशी. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे असतात. त्या भिंती थोड्या हलतात आणि खर्ज थोडा खाऊन टाकतात. तिथे बसून लिहिलेलं परीक्षण डोंबिवलीच्या हॉलला जसंच्या तसं कसं लागू पडेल?

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. एका स्पीकरची संवेदनशीलता 86 डेसिबल, दुसऱ्याची 89. बटण न हलवता एकामागून एक लावले तर दुसरा 3 डेसिबलने मोठा वाजतो. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवतोच असं नाही, पण 'भरीव', 'जिवंत' म्हणून नक्की जाणवतो. मग आपण म्हणतो, वा, काय स्पीकर आहे! विक्रेता लबाडच असतो असं नाही, बहुतेकदा त्यालाही हे लक्षात आलेलं नसतं.

आणि तिसरे, डोळे. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत काम केलेले फ्लॉइड टूल, आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह. 1994 साली त्यांनी 40 जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड, एकदा उघड. ऐकणारे कंपनीचेच कर्मचारी. उघड चाचणीत मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोटा स्वस्त संच खाली आला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. स्पीकरची खोलीतली जागा बदलली, तेव्हा पडद्याआड ऐकणाऱ्यांना तो फरक ऐकू आला. उघड बघणाऱ्यांचे गुण मात्र फारसे हलले नाहीत. म्हणजे डोळे उघडे असले की समोर प्रत्यक्ष झालेला बदलसुद्धा कानावरून निसटतो.

इथे कोणीतरी म्हणणारच, "शेवटी आवड ज्याची त्याची." हे वाक्य मला मान्य नाही. 2003 मध्ये ऑलिव्ह यांनी 268 जणांची आंधळी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात शिकलेले कान होते, दुकानदार होते, परीक्षणं लिहिणारे होते, विद्यार्थी होते. पसंतीचा क्रम साधारण सगळ्यांचा सारखाच निघाला! फरक पडला तो ठामपणात. प्रशिक्षित चमूचे गुण सातत्याचे होते; परीक्षणकारही त्यांच्या बरेच मागे होते. तेव्हा आपले वाद आवडीचे कमी आणि खोलीचे, पातळीचे, लाकडाच्या पॉलिशचे जास्त असावेत असा माझा संशय आहे.

परीक्षणांची भाषाही तपासून घ्या. 'उबदार', 'हवेशीर', 'रेशमी'. (हशा) हे कापडाचं दुकान आहे का? आपल्याकडे तानपुरा आहे की. जवारी लावलेल्या तानपुऱ्यात वरचे स्वर कसे उमलतात हे तुमच्या कानाला माहीत आहे. स्पीकरची वरची पट्टी चढी असेल तर ती जवारी पत्र्यासारखी करकरते, दबलेली असेल तर नुसती गुणगुण उरते. दुकानात दहा मिनिटं चमकणारा स्पीकर घरी तासभराने डोकं उठवतो, तो बहुधा पहिल्या जातीचा.

मग करायचं काय? आपलं ध्वनिमुद्रण न्या, शंभरदा ऐकलेलं. पातळी जुळवून मागा. बसायच्या जागी एकच फोन धरून, एकसारखा खरखराट लावून दोन्ही मोजा. फोनचा आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो. बरोबरच्या माणसाला बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. जोडी नको, दोन्हींतला एकेकच स्पीकर लावा. विचित्र वाटेल, पण टूल यांच्या कामातून हेच दिसतं की दोष एकट्या स्पीकरमध्ये लवकर उघडे पडतात. स्टीरिओच्या पसाऱ्यात ते लपतात. तारांबद्दल विचारू नका, वेळ नाही.

आणि घरी नेऊन आठ दिवस ऐकू देणार का, हे पैशाच्या आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. माझे स्पीकर आता भिंतीपासून अडीच फूट पुढे आहेत, हॉलमध्ये चालायला जागा नाही, आणि बायाँ पिंपातून अर्धाच बाहेर आलाय.