ग्रोमॅक्सची इन्स्टॉलेशन गाइड: ‘क्विक अँड डर्टी’पाशी थांबू नका

प्रोटीन, लिपिड, पाणी यांच्या रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करायचं, तर कधी ना कधी ग्रोमॅक्स तुमच्या वाट्याला येणारच. उबंटूवर ते एका ओळीत बसतं. मग सोर्स कोड कंपाइल करायचा खटाटोप कशाला? कारण तयार पॅकेज कुठल्याही जुन्या-नव्या प्रोसेसरवर चालावं अशा बेताने बांधलेलं असतं. तुमच्या प्रोसेसरची एकाच वेळी अनेक आकडे हाताळणारी सूचना (एव्हीएक्स२ किंवा एव्हीएक्स-५१२) त्यात वापरलेली नसेल, तर दोन दिवसांचं काम लांबत जातं.

म्हणून आपण अधिकृत गाइड उघडतो. सुरुवातीलाच ‘क्विक अँड डर्टी’ नावाचा भाग आहे: फाइल सोडवा, बिल्ड फोल्डर करा, सीमेक, मेक, मेक चेक, सुडो मेक इन्स्टॉल. स्वतःच्या लॅपटॉपसाठी हा भाग अप्रतिम आहे. एफएफटीची लायब्ररीसुद्धा तो स्वतःच आणून बांधतो. इतकी सरळ सुरुवात वैज्ञानिक सॉफ्टवेअरमध्ये फार कमी ठिकाणी मिळते.

माझी तक्रार पुढची आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं खरं काम क्लस्टरवर चालतं. तिथे सुडो मिळत नाही, त्यामुळे सीमेकला इन्स्टॉल प्रीफिक्स म्हणून होम फोल्डरमधली जागा द्यावी लागते. हे निदान लगेच कळतं, कारण एरर येते. सिमडचं तसं नाही. सीमेक ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्राचा प्रोसेसर बघून सूचना निवडतो. लॉगिन नोड नवा आणि कंप्युट नोड जुना असेल, तर ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्राम कोसळतो. उलट असेल तर काहीच कोसळत नाही, नुसतं हळू चालतं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गाइडमध्ये हा इशारा आहे, नाही असं नाही. पण घाईतल्या विद्यार्थ्यासाठी जो भाग लिहिलाय, तिथे तो ओझरता येतो. सविस्तर माहिती बरीच खाली आहे. जीएमएक्स_सिमड हा पर्याय हाताने कसा द्यायचा, हे क्लस्टरच्या छोट्या भागातच सांगायला हवं होतं.

आता मेक चेक. गाइडने तो इन्स्टॉलच्या आधी ठेवलाय, आणि हा क्रम मला त्या पानावरची सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. रिग्रेशन टेस्ट डाउनलोड करायचा पर्याय चालू ठेवलात, तर तुमच्या बिल्डची उत्तरं आधीच्या संदर्भ-उत्तरांशी ताडून पाहिली जातात. सीनियरकडून फिरत आलेल्या नोट्समध्ये मात्र नेमकी हीच ओळ गळालेली असते, वेळ खाते म्हणून! कंपाइलर नवा, फ्लॅग वेगळे, तरी मेक विनातक्रार पूर्ण होऊ शकतो. त्यातून निघालेला ऊर्जेचा आकडा बरोबर आहे की नाही, हे मेकला माहीत नसतं. तो आकडा पुढे तुमच्या थिसिसच्या तक्त्यात जाणार आहे.

शोधनिबंधात आपण लिहितो, ‘ग्रोमॅक्स वापरलं’, फार तर आवृत्तीचा क्रमांक. मिक्स्ड प्रिसिजन की डबल, कंपाइलर कुठला, सिमड कोणतं, हे सगळं जीएमएक्स व्हर्जनची कमांड दिलीत की पडद्यावर येतं, आणि रनच्या लॉग फाइलच्या सुरुवातीलाही छापलेलं असतं. कंपाइल केलेलं सिमड त्या यंत्राला कमी पडत असेल तर तसंही लॉगमध्ये लिहून येतं. तुमची शेवटची लॉग फाइल उघडून पहिलं पान वाचा बरं.