आयरिश संगीत ऑनलाइन : कुठे पाहावं, काय पाहावं

यूट्यूबवर आयरिश संगीत शोधायला गेलं, की समुद्रकाठच्या किल्ल्यांची चित्रं लावून तासन्‌तास वाजत राहणारी बासरी आणि हार्प आधी समोर येते. तिच्या पाठोपाठ येतो 'रिव्हरडान्स'. १९९४ साली डब्लिनमध्ये युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सादर झालेला हा काही मिनिटांचा नाच जगभर गाजला, आणि तो होताही गाजण्यासारखाच. पण तिथेच थांबलेल्या प्रेक्षकाची आयर्लंडच्या पारंपरिक संगीताशी अजून गाठच पडलेली नसते. हे संगीत वाढलं घरातल्या चुलीपाशी, गावच्या नाचात आणि पुढे पबच्या कोपऱ्यात. रील, जिग, हॉर्नपाइप अशा छोट्या छोट्या चाली एकीला एक जोडत, सगळ्यांनी मिळून एकच सुरावट वाजवायची. जुन्या चालींपैकी अनेकींचे कर्ते कुणालाच माहीत नाहीत. ज्याचा त्याचा ठसा उमटतो तो अलंकरणात आणि गज फिरवण्याच्या ढंगात. असं बारीक काम पडद्यावर आणायचं, तर चित्रण करणाऱ्याचा कान तयार हवा.

आज हे काम सर्वांत निष्ठेने करते टीजी-फोर. आयरिश भाषेतली ही वाहिनी ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी वेगळ्या नावाने सुरू झाली आणि १९९९ पासून ती टीजी-फोर म्हणून ओळखली जाते. तिचं मुख्यालय राजधानीत नाही. ते पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारा भागात आहे. 'ग्यानत्री' ही तिची जुनी मालिका गावोगावच्या पबमध्ये जाऊन तिथल्या वादकांना त्यांच्याच जागी चित्रित करत आली. तिचे कितीतरी तुकडे आज यूट्यूबवर आहेत. निवेदन कमी, वादन जास्त, आणि चाल मध्येच तोडायची नाही, एवढ्या साध्या पथ्यांवर ही मालिका उभी आहे. वाहिनीच्या मोफत प्लेअरवरचे बरेच कार्यक्रम आयर्लंडबाहेरही दिसतात आणि अनेकांना इंग्रजी उपशीर्षकं असतात, त्यामुळे आयरिश येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

याच वाहिनीचा 'ग्रादम क्योल' हा पुरस्कार १९९८ पासून दिला जातो. पहिल्या वर्षी तो डोनेगलचे फिडलवादक टॉमी पीपल्स यांना मिळाला, पुढच्या वर्षी बासरीवादक मॅट मॉलॉय यांना आणि २००० साली टिन व्हिसल वाजवणाऱ्या मेरी बर्गिन यांना. नवख्याने या समारंभाच्या चित्रफिती ओळीने पाहाव्यात. गेल्या पाव शतकात कोण काय वाजवत होतं, याचा याहून चांगला परिचय क्वचितच मिळेल.

पण ऑनलाइन खजिन्यातलं सर्वांत मोलाचं धन जुनं आहे, आणि ते आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या कपाटातलं आहे. आरटीईची दूरचित्रवाणी १९६१ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. तेव्हापासून जमलेलं चित्रण निवडून निकोलस कॅरोलन यांनी १९९४ पासून 'कम वेस्ट अलाँग द रोड' ही मालिका सादर केली. कॅरोलन हे आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयाचे संस्थापक-संचालक. कोण वाजवतंय, चाल कोणती, चित्रण कधीचं, हे ते मोजक्या शब्दांत सांगत आणि बाजूला होत. सादरीकरणाचा हा आदर्श आहे. 'द प्युअर ड्रॉप' ही मालिकाही अशाच कसाची. ती घडवणारे टोनी मॅकमॅहन स्वतः अव्वल अकॉर्डियनवादक होते.

वादकाच्या नजरेने चित्रण केलं की काय फरक पडतो, ते इलन पाइप्सच्या चित्रफितीत लगेच कळतं. या वाद्यात तोंडाने फुंकायचं नसतं. एका कोपराने भाता दाबून हवा भरायची, दुसऱ्या बगलेतली पिशवी दाबून ती सोडायची. सुरांची नळी बोटांत असते, तिचं खालचं तोंड मांडीवरच्या चामड्याच्या पट्टीवर टेकलेलं असतं. ते टेकलं असताना बोटांनी भोकं मिटली, की आवाज तुटतो आणि स्वर सुटे, टोकदार येतात. नळी उचलली की ते मोकळे होतात. शिवाय आडव्या नळ्यांच्या किल्ल्या मनगटाने दाबून मध्येच स्वरसंघात उमटवायचे. कॅमेरा वादकाच्या चेहऱ्यावरच खिळला, तर यातलं काहीच दिसत नाही. जुन्या आयरिश चित्रणात तो गुडघ्याशी थांबतो. आजच्या चकचकीत मैफिलींत तो दर तीन सेकंदांनी जागा बदलतो आणि पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जुनं जसंच्या तसं दाखवायचं की नव्या रूपात, हा वाद आयर्लंडला नवा नाही. १९९५ मध्ये मीहॉल ओ सूलवॉन यांनी 'अ रिव्हर ऑफ साउंड' ही मालिका सादर केली. परंपरा वाहती आहे, नव्या वाद्यांशी आणि दूरच्या संगीताशी ती मिसळणारच, ही तिची भूमिका. मॅकमॅहन यांना ती मुळीच पटली नाही आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. १९९६ मध्ये डब्लिनला याच प्रश्नावर परिषद भरली. पडद्यापुरतं बोलायचं, तर मॅकमॅहन यांचं पारडं जड ठरतं. 'अ रिव्हर ऑफ साउंड' आज तिच्या काळाची वाटते, 'द प्युअर ड्रॉप' अजिबात जुनी होत नाही.

मात्र जुन्या चित्रणाला एक मोठी मर्यादा आहे. त्यात पुरुषच पुरुष दिसतात. वाजवणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, कॅमेरा त्यांच्यापर्यंत कमी पोचला. २०१८ मध्ये 'फेअरप्ले' या चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला.

खरी अडचण सापडण्याची आहे. बीबीसीच्या आयप्लेअरला ब्रिटनबाहेर कुलूप. टीजी-फोरच्या प्लेअरवरचे कार्यक्रम हक्कांची मुदत संपली की उतरतात. आणि आरटीईचं जुनं धन यूट्यूबवर बऱ्याचदा भेटतं ते कुणा रसिकाने व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेल्या तुकड्यांतून. कधी चालीचं नाव चुकलेलं, कधी वादकाचं नावच नाही. या रसिकांचे आभार मानावेत तेवढे थोडे, पण एका तक्रारीने असा तुकडा उद्या नाहीसा होऊ शकतो.

म्हणून भरवसा संग्रहालयांचा. डब्लिनच्या मेरियन चौकातलं, १९८७ मध्ये स्थापन झालेलं पारंपरिक संगीत संग्रहालय आपल्या संकेतस्थळावर ध्वनी-चित्रफिती मोफत देतं. 'ड्रॉइंग फ्रॉम द वेल' या त्याच्या मालिकेत आजचे कलावंत संग्रहातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून चाली उचलून नव्याने मांडतात. इलन पाइप्सवादकांची संस्था १९६८ पासून कार्यरत आहे, तिचाही ऑनलाइन संग्रह पाहण्याजोगा. ज्यांना थेट प्रक्षेपण हवं त्यांनी ऑगस्टमधल्या 'फ्ला ख्योल' महोत्सवाची वाट पाहावी. १९५१ मध्ये मलिंगरला सुरू झालेला हा महोत्सव टीजी-फोर घरपोच आणते. उन्हाळ्यात आयर्लंड भारताच्या साडेचार तास मागे असतं, तेव्हा तिथले रात्रीचे नऊ म्हणजे मुंबई-पुण्यात मध्यरात्रीनंतरचा दीड.

टीजी-फोरने आणि संग्रहालयाने आपला वाटा उचलला आहे. आता आरटीईने 'द प्युअर ड्रॉप' आणि 'कम वेस्ट अलाँग द रोड' या मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, वादकांच्या आणि चालींच्या नावांसह, जगभरच्या प्रेक्षकांसाठी खुल्या कराव्यात. त्या आयरिश जनतेच्या परवाना शुल्कातून घडल्या आहेत, आणि त्यांत वाजवणाऱ्यांपैकी कितीतरी जण आता हयात नाहीत.