मर्यादा मोडली, की तिला वळसा घातला?

२०१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना विभागून मिळाले. तेव्हापासून विज्ञानविषयक लेखांत आणि व्याख्यानांत एक गोष्ट ठरल्यासारखी सांगितली जाते. अर्न्स्ट अ‍ॅबे या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७३ साली सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सांगितली, सव्वाशे वर्षे सर्वांनी ती निमूटपणे मानली आणि मग या तिघांनी ती मोडून काढली. गोष्ट रंगतदार आहे, वर्गात सांगायला सोपीही आहे. पण तिच्यातले ‘मोडली’ हे क्रियापद आम्हाला खटकते. या एका शब्दामुळे निसर्गनियम म्हणजे काय, याविषयीच विद्यार्थ्यांचा गैरसमज होतो असे आमचे मत आहे.

अ‍ॅबे यांचे म्हणणे प्रथम नीट पाहू. प्रकाश तरंगरूपाने वागतो. भिंगातून जाताना त्याचे विवर्तन होते. त्यामुळे बिंदूएवढ्या वस्तूची प्रतिमाही बिंदू न राहता एक लहानसा ठिपका होते. दोन बिंदू फार जवळ असले की त्यांचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि बिंदू दोन आहेत हे कळेनासे होते. वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर, भिंग उत्तम असले तरी, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपास असते. जिवाणू एक-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, म्हणून तो दिसतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि पेशीतला रायबोसोम त्याहूनही कितीतरी लहान. त्यांचे बारकावे या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. भिंग कितीही काळजीपूर्वक घासले तरी यात फरक पडत नाही, कारण दोष भिंगाचा नाहीच.

पण ठिपके मिसळतात केव्हा? दोन्ही बिंदू एकाच वेळी आणि एकसारखेच उजळलेले असतात तेव्हा. ही अट सूत्रात लिहिलेली नसते. पाठ्यपुस्तकात सूत्र येते, त्यावरचे उदाहरण येते आणि अट मात्र मागेच राहते. आमचा पहिला आक्षेप इथे आहे.

अट काढून घेतली तर काय होते, ते मोहरीच्या दाण्यांनी वर्गात दाखवता येईल. जमिनीवर ओले फडके पसरा आणि एकाच जागी हात धरून उंचावरून एकेक दाणा सोडा. दाणे एका बिंदूवर पडत नाहीत, आजूबाजूला पसरतात. समजा ही पसरण ५ सेंटिमीटर आहे. तरी १०० दाण्यांच्या जागा मोजून सरासरी काढली तर मध्यबिंदू सुमारे अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत अचूक सापडतो, कारण सरासरीतली अनिश्चितता दाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. आता तीन सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जागांवरून दाणे एकदम सोडले तर एकच पसारा दिसेल. तेच आधी एका जागेवरून सोडून मोजले, फडके झटकून पुन्हा तिथेच अंथरले आणि मग दुसऱ्या जागेवरून सोडले, तर दोन मध्यबिंदू स्पष्ट वेगळे निघतील. यात एकाही दाण्याची पसरण कमी झालेली नाही!

दाण्यांच्या जागी फोटॉन घेतले की बेट्झिग यांची २००६ सालची पद्धत झाली. पेशीतल्या प्रथिनांना प्रतिदीप्त रेणू जोडायचे. हे रेणू एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देतात. अगदी मंद प्रकाशाने त्यांतले थोडेच, एकमेकांपासून दूर असलेले रेणू पेटवायचे, त्यांची केंद्रे मोजायची, ते विझले की पुढचे काही पेटवायचे. अशी हजारो चित्रे एकत्र केली की दहा-वीस नॅनोमीटरचे बारकावे उलगडतात.

हेल यांनी १९९४ साली मांडलेली आणि २००० साली प्रत्यक्षात दाखवलेली युक्ती वेगळी आहे. एक किरणझोत रेणूंना उजळवतो. मेदुवड्याच्या आकाराचा दुसरा झोत कडेच्या रेणूंना विझवतो. मधल्या भोकातलेच रेणू उजळ राहतात. दोन्ही झोत विवर्तनाचे नियम तंतोतंत पाळतात. उजळ भागाचा व्यास सांगणारे हेल यांचे सूत्र म्हणजे अ‍ॅबे यांचेच सूत्र एका वर्गमुळाने भागलेले. विझवणाऱ्या झोताची तीव्रता शून्य धरली की जुने सूत्र जसेच्या तसे हाती येते. ज्याला मोडले म्हणायचे, तोच नियम नव्या सूत्राच्या पोटात सुखरूप आहे! नोबेल समितीच्या निवेदनातही ही मर्यादा चुकवून पुढे गेल्याचाच उल्लेख आहे.

हे पारितोषिक भौतिकशास्त्राचे नसून रसायनशास्त्राचे का, याचे उत्तरही इथेच मिळते. किल्ली भिंगात नव्हती. पेटणाऱ्या आणि विझणाऱ्या रेणूंत होती. मोर्नर यांनी १९८९ साली एकट्या रेणूने शोषलेला प्रकाश टिपला. हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचा विझलेला रेणू प्रकाशानेच पुन्हा पेटवता येतो, हे त्यांच्या गटाला १९९७ साली आढळले. जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी २००२ साली प्रकाशाने चेतवता येणारे प्रथिन तयार केले. शाओवे च्वांग यांच्या गटाने २००६ सालीच बेट्झिग यांच्यासारखी पद्धत स्वतंत्रपणे मांडली. तीन वीरांच्या गोष्टीत ही नावे गळतात, हा आमचा दुसरा आक्षेप.

तिसरा आक्षेप या तंत्राने मिळणाऱ्या सुंदर चित्रांच्या वापराविषयी आहे. बेट्झिग यांच्या पद्धतीचे चित्र हे नेहमीच्या अर्थाने छायाचित्र नव्हे. तो गणिताने काढलेल्या केंद्रांचा नकाशा आहे. ज्या प्रथिनाला रंगद्रव्य चिकटले नाही, ते नकाशात येतच नाही. प्रतिपिंडांच्या मदतीने चिकटवलेले रंगद्रव्य मूळ प्रथिनापासून दहा-पंधरा नॅनोमीटर दूर असू शकते. हजारो चित्रे घेण्यात वेळ जातो, तेवढ्यात जिवंत पेशीतल्या हालचाली पुढे सरकतात. हेल यांच्या पद्धतीत वेळेऐवजी प्रखर प्रकाशाची किंमत मोजावी लागते. मासिकात असे चित्र छापताना खाली ही टीप असायला हवी.

या संशोधनाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट ते नीट कळते. नियम खोटा ठरवणे आणि नियमाची न बोललेली अट ओळखून तिच्या बाजूने वाट काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फार क्वचित घडते. दुसरी विद्यार्थ्यालाही करून पाहता येते. म्हणून शिक्षकांना आमची विनंती अशी, की फळ्यावर कोणतेही मर्यादेचे सूत्र लिहिले की त्याखाली एक ओळ मोकळी सोडावी आणि वर्गाला विचारावे, ‘हे कशाकशाच्या भरवशावर खरे आहे?’