नीत्शेचा मनू

देव मेल्याची घोषणा करणारा फ्रीड्रिख नीत्शे आमच्या तरुणांना फार लवकर आपला वाटू लागतो. वाढवणच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या डोंगरपाड्यांपर्यंत जी शिकलेली पिढी उभी राहिली, तिच्या अभ्यासवर्गांत मी हे पाहत आलो आहे. धर्माला नकार देतो तो आपल्या बाजूचा, असा हा सोपा हिशेब. तो तपासला पाहिजे.

नीत्शे 1844 साली प्रशियात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. चोविसाव्या वर्षी बाझेलला प्राध्यापक झाला, 1879 मध्ये प्रकृतीमुळे नोकरी सोडली, 1889 च्या जानेवारीत त्याचे मन कायमचे ढासळले आणि 1900 साली तो वारला. शुद्धीवर असतानाच्या शेवटच्या वर्षात, 1888 मध्ये, त्याने मनुस्मृती वाचली आणि तो भारावून गेला. त्या वर्षी लिहिलेल्या ‘अँटीख्राइस्ट’मध्ये तो बायबलपेक्षा मनूला कितीतरी वर बसवतो. उतरंड हा त्याच्या मते निसर्गाचाच कायदा!

मग ख्रिस्ती धर्माशी त्याचे भांडण कशासाठी? धर्माने माणसाला गुलाम केले म्हणून नव्हे. सगळे आत्मे समान, असे सांगून धर्माने तळच्या माणसाला डोके वर काढू दिले म्हणून. ‘चांडाळ’ हा शब्द त्याने मनूकडून उचलला आणि युरोपातल्या साऱ्या समतावाद्यांना शिवीसारखा लावला. समाजवादीही त्यातून सुटले नाहीत. आपल्या पूर्वजांचे नाव जर्मन तत्त्वज्ञानात असे पोहोचले!

शिवाय त्याच्या हाती आलेली मनुस्मृती धड नव्हती. हिंदुस्थानात न्यायाधीश राहिलेल्या लुई जाकोलियो या फ्रेंच गृहस्थाचे ते भाषांतर. त्यात भर घातलेला मजकूर पुष्कळ. चांडाळाने नदीचे, विहिरीचे पाणी घेऊ नये, जनावरांच्या पावलांनी पडलेल्या खड्ड्यांतले प्यावे, हा नियम नीत्शेने तिथूनच घेतला. मूळ संहितेत तो नाही. विद्वान यावर नीत्शेची फसगत झाली म्हणतात आणि पुढे जातात. मला पुढे जाता येत नाही. संहितेत नसलेला हा नियम आमच्या गावागावांत होताच की! 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळावी लागली.

बाबासाहेबांनी नीत्शे नीट वाचला होता. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि 1987 साली शासनाने छापलेल्या हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील लेखनात ते नीत्शेच्या जरथुष्ट्राला मनूचीच नवी आवृत्ती ठरवतात. पण तिथेच थांबत नाहीत. नीत्शेचा महामानव निदान गुणांनी घडायचा होता. मनूचा महामानव जन्मानेच तयार होता, त्याला काही सिद्ध करायचे नव्हते. म्हणून मनू अधिक हीन. शत्रूच्या शत्रूलाही इतक्या नेमक्या तराजूत तोलणारी ही टीका आपल्या समीक्षेला अजून साधलेली नाही, असे माझे मत आहे.

माझ्या भागाचा अनुभव या तराजूत टाकून पाहावा. वारल्यांचे देव वेगळे, हिरवा, हिमाय, वाघ्या. त्यांना गुलाम करायला सावकार-जमीनदारांना मनूचा श्लोक म्हणावा लागला नाही. जमीन होती, कर्जाची वही होती, चाबूक होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही राबायचे. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे नोंदवले आहे. उच्च संस्कृतीच्या उभारणीला तळाशी गुलाम लागतात, असे नीत्शेने तरुणपणीच ग्रीकांचा दाखला देऊन लिहिले होते. इथल्या बंगल्यांचा व्यवहार त्याच सिद्धांतावर चालत होता, त्याचे नाव न ऐकता. देव मेला असता तरी वेठ चालूच राहिली असती. ती मोडायला 1945 च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले, लाल बावटा घेऊन.

आणि बौद्ध धम्म? नीत्शेने बुद्धाची स्तुती केली आहे, हेही कौतुकाने सांगितले जाते. त्याच्या लेखी तो थकलेल्या, उतरत्या संस्कृतीचा धर्म होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जी लाखो माणसे आली, त्यांना दमून जायला अजून संस्कृती मिळायची होती.